अलार्म वाजतो, पण कोणी जागचं हलत नाही: बिघाड नेमका कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "फायर अलार्म वाजला, पण लोक उठलेच नाहीत. लोकांना गांभीर्यच नाही." उपायही ठरलेला असतो. एक परिपत्रक निघतं, भिंतीवर 'अलार्म वाजताच बाहेर पडा' अशी पाटी लागते. पुढच्या वेळी अलार्म वाजतो आणि पुन्हा कोणी उठत नाही.

मी सार्वजनिक इमारतींच्या देखभालीचं काम करते. लोकांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण बिघाड लोकांत नसतोच. अलार्म वाजल्यावर बसून राहायचं, हे त्यांना इमारतीनेच शिकवलेलं असतं. इमारतीने शिकवलेलं इमारतीलाच पुसावं लागतं.

एक प्रसंग सांगते. मोठं वाचनालय, भर दुपार, वाचनकक्षात शंभरेक माणसं. हूटर सुरू झाला तेव्हा मी दारातच उभी होते. पहिल्या काही सेकंदांत सगळ्यांनी माना वर केल्या. छताकडे किंवा दाराकडे फारसं कोणी पाहिलं नाही, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका बाईंनी पेनाला टोपण लावलं, शेजारी नजर टाकली आणि टोपण पुन्हा काढलं. दोन विद्यार्थ्यांनी काउंटरकडे पाहिलं. काउंटरवरचे गृहस्थ स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले, म्हणून ते दोघंही पुन्हा वहीकडे वळले. एकाने डाव्या कानात बोट घातलं आणि उजव्या हाताने लिहिणं चालू ठेवलं. एक जण माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, हे बंद कधी होणार?" आग कुठे लागली आहे, हे मला कोणीच विचारलं नाही. एक मिनिट पन्नास सेकंदांनी खाली पॅनेलवर, म्हणजे अलार्म यंत्रणेच्या नियंत्रण पेटीवर, कोणीतरी सायलेन्सचं बटण दाबलं. शांतता झाली. काय झालं होतं, ते कोणी सांगितलं नाही. कर्मचाऱ्यांच्या खोलीत पाण्याची किटली उकळत होती आणि तिची वाफ छतावरच्या धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये गेली होती, एवढंच.

आता त्या शंभर माणसांच्या जागी बसून बघा. आधीही असाच वाजला होता, तेव्हाही काही नव्हतं. बसून राहिलो, काही बिघडलं नाही. जे उठले असते त्यांची जागा गेली असती. त्या दिवशी आम्ही त्यांना हाच धडा आणखी एकदा गिरवून दिला. लांडगा आल्याची खोटी हाकाटी देणाऱ्या पोराच्या गोष्टीत गावकऱ्यांना कोणी बोल लावत नाही. आपण मात्र इमारतीत नेमका तोच बोल लावतो.

सुरुवात पॅनेलच्या लॉगपासून करा

मागच्या वर्षभराचा इव्हेंट लॉग काढा. अ‍ॅड्रेसेबल पॅनेल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं, असेल तर कोणता डिटेक्टर किती वाजता ट्रिप झाला (त्याने इशारा दिला), हे त्यात मिळतं. जुनं कन्व्हेन्शनल पॅनेल असेल तर फक्त झोन, म्हणजे इमारतीचा भाग, कळतो. मग लॉगबुक आणि सिक्युरिटीच्या रजिस्टरवरून जुळवाजुळव करावी लागते. ती कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. माझ्या अनुभवात सगळा गोंधळ दोन-चार डिटेक्टरच घालत असतात. वेळाही बोलक्या असतात. रोज सकाळी साफसफाईच्या वेळेला वाजणारा डिटेक्टर धूळ खातो आहे. दुपारच्या सुट्टीत वाजणारा वाफ किंवा फोडणीचा धूर खातो आहे. वेळेचा काहीच मेळ नसेल तर डिटेक्टरच्या आतल्या चेंबरमध्ये किडा किंवा जाळं असण्याची शक्यता धरा, आणि वायरिंगमध्ये ओल शिरली आहे का तेही बघा.

हे असं का होतं, ते समजून घेतलं की उपाय सोपा होतो. आज बहुतेक ठिकाणी ऑप्टिकल डिटेक्टर असतो. त्याच्या आत काळा चेंबर असतो, त्यात एक एलईडी आणि एक सेन्सर, पण एकमेकांच्या थेट समोर नाही, कोनात बसवलेले. एरवी एलईडीचा उजेड सेन्सरवर पडत नाही. चेंबरमध्ये कण शिरले की उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरवर पोचतो आणि डिटेक्टर ट्रिप होतो. ते कण धुराचे, वाफेचे, सिमेंटच्या धुळीचे की कोळ्याच्या पायाचे, हे त्या साध्या डिटेक्टरला कळायची सोय नाही. म्हणून पँट्रीत, बाथरूमच्या दाराबाहेर किंवा लोडिंगच्या जागी तो लावला तर तो खोटा वाजणारच. अशा जागी हीट डिटेक्टर किंवा धूर आणि उष्णता दोन्ही बघणारा मल्टी-सेन्सर लावून घ्या. जागा थोडी सरकवूनही पुष्कळदा काम होतं, पण तो निर्णय यंत्रणेची डिझाइन करणाऱ्या माणसाकडून घ्या, शिडी घेऊन स्वतः नाही. रंगकाम, फोडाफोडी चालू असेल तर डिटेक्टरवर डस्ट कव्हर घाला आणि संध्याकाळी काम थांबल्यावर ते काढलं का, हे मोजून बघा. मी सहा-सहा महिने टोप्या घालून बसलेले डिटेक्टर पाहिले आहेत. जाता-येता धक्का लागून किंवा खोडसाळपणे दाबल्या जाणाऱ्या मॅन्युअल कॉल पॉइंटवर (आग दिसल्यावर माणसाने दाबायच्या भिंतीवरच्या बटणावर) उचलायचं पारदर्शक झाकण बसवा.

एक मात्र करू नका. त्रास देणारा झोन आयसोलेट करून, म्हणजे पॅनेलवरून बंद करून, विसरून जाऊ नका. खोट्या अलार्मवरचा तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक उपाय आहे.

खोट्या अलार्मची किंमत काय असते, ते अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात दिसलं. १९ जानेवारी २००० च्या पहाटे तिथे आग लागली. त्याआधीच्या काही महिन्यांत त्याच इमारतीत १८ खोटे अलार्म वाजले होते. त्या पहाटे अलार्म वाजला तेव्हा अनेक मुलांनी तो एकोणिसावा खोटा समजला आणि कूस बदलली. ३ विद्यार्थी गेले, ५० हून अधिक जखमी झाले. आणि हा आळस फक्त झोपेतल्या मुलांचा नाही. इंग्लंडमध्ये अग्निशमन दल ज्या कामांसाठी धावतं, त्यांतली सुमारे ४० टक्के कामं खोट्या अलार्मची निघतात. ऑक्टोबर २०२४ पासून लंडनच्या दलाने तर दिवसाच्या वेळात बहुतेक व्यावसायिक इमारतींच्या नुसत्या स्वयंचलित अलार्मवर गाडी पाठवणं थांबवलं. आग आहे असं माणसाने फोन करून सांगावं लागतं. जिथे खुद्द अग्निशमन दलाला पुरावा लागतो, तिथे वाचनकक्षात बसलेल्या माणसाने तो मागितला तर नवल काय?

खोटे अलार्म कमी झाले, तरी लोक बसूनच?

हे होतं. इथे बरेच जण हताश होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९६८ मध्ये बिब लाटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खोलीत माणूस प्रश्नावली भरत बसलेला आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर आत यायला लागतो. तो एकटा असला तर २४ पैकी १८ जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन माणसं मुद्दाम पेरलेली, धूर पाहूनही गप्प बसणारी असली, तर १० पैकी फक्त एकाने सांगितलं. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर वारत प्रश्नावली भरत राहिले. तिघंही अनोळखी आणि खरे असले, तरी अशा ८ गटांपैकी फक्त ३ गटांतून कोणी उठलं. नंतर विचारल्यावर न उठलेल्यांनी धूर दिसला हे नाकारलं नाही. त्यांनी त्याला दुसरं नाव दिलं होतं: वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल.

माझ्या वाचनकक्षातल्या बाईंचं पेनाचं टोपण म्हणजे हेच. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा वाचत होता आणि दुसरा चेहरा शांत होता, कारण तोही वाचतच होता. म्हणजे शंभर माणसं गाफील नव्हती. शंभर माणसं पहिल्या माणसाची वाट बघत होती.

म्हणून सगळ्यात जास्त उपयोगाची दुरुस्ती यंत्रात नाही, पहिल्या दहा सेकंदांत आहे. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक पाळीत, दोन ठरलेली माणसं हवीत. अलार्म वाजला की त्यांनी हातातलं काम सोडून उभं राहायचं आणि लोकांकडे तोंड करायचं. फोन करून 'खरा आहे का' विचारत बसायचं नाही, ते काम पॅनेलवरच्या माणसाचं. त्यांनी मोघम 'चला, चला' म्हणायचं नाही. एकेकाला उद्देशून बोलायचं: "निळा शर्ट, तुम्ही उठा. या दाराने खाली. दादा, बॅग राहू द्या." पहिली तीन-चार माणसं चालायला लागली की बाकीची आपोआप उठतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता ड्रिलमध्ये मी त्या तीन-चार माणसांकडेच लक्ष ठेवते. काउंटरवरच्या त्या गृहस्थांना आम्ही याच कामावर घेतलं, कारण लोकांची नजर आधीच त्यांच्याकडे जात होती. वर्दीतला गार्ड, वर्गातला शिक्षक, तिकीट फाडणारा, टोकन देणारी ताई: ज्याच्याकडे लोक प्रश्न घेऊन जातात, तोच माणूस इथे चालतो.

नुसता आवाज काही सांगत नाही

हूटर 'काहीतरी' सांगतो. काय, कुठे, कोणाला, किती घाई, यातलं काहीच सांगत नाही. गाडीचा अलार्म, लिफ्टची घंटा, पाळीचा भोंगा, सगळं कानाला सारखंच. आंतरराष्ट्रीय मानकात बाहेर पडण्याच्या इशाऱ्यासाठी एक ठरलेली लय आहे: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असं तीनदा आणि मग दीड सेकंद थांबा. लय चांगली आहे, पण ती ऐकून 'ही आगीची' असं ओळखणारा माणूस मला क्वचितच भेटला. नवीन माणसांना पहिल्याच दिवशी ती ऐकवा. इमारतीत रोज नवे लोक येत असतील तर ते शक्य नाही, तिथे शब्दच लागतात.

न्यूकॅसलच्या भुयारी मेट्रो स्थानकावर गिलेन प्रू आणि जॉनथन साइम यांनी केलेल्या चाचण्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नुसती घंटा वाजवली तेव्हा प्रवासी फलाटावर गाडीची वाट बघत उभेच राहिले. कॅमेऱ्यात बघून, माणसाने थेट माइकवरून काय झालं आणि कोणत्या बाजूने जायचं ते सांगितलं, तेव्हा ते फार लवकर हलले.

तुमच्याकडे माइक असेल तर घोषणा आधीच लिहून पॅनेलशेजारी चिकटवा. आयत्या वेळी सुचत नाही. आमची अशी आहे: "दुसऱ्या मजल्यावर आग लागल्याची सूचना मिळाली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वांनी आत्ता बाहेर पडा. पूर्वेच्या जिन्याने खाली या. लिफ्ट वापरू नका." 'तांत्रिक कारणामुळे', 'कृपया सहकार्य करावे' असले शब्द काढून टाका. लोक घाबरतील म्हणून 'आग' शब्द टाळणारे वरिष्ठ अधिकारी मला पुष्कळ भेटले. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण भीती चुकीच्या जागी आहे. आगींच्या अभ्यासात चेंगराचेंगरीचा वेडा गोंधळ क्वचित दिसतो. दिसतो तो उशीर, आणि शेवटी जी धावाधाव होते ती बहुतेकदा त्या उशिरामुळेच.

हूटर बोलण्याच्या वेळी थांबायला हवा. एका जागी कानठळ्या बसवणारा हूटर आणि तीन खोल्या पलीकडे नुसती कुणकुण, अशी मांडणी असेल तर तीही बदला. आवाज नेहमीच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा, असा साधारण दंडक आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठी चमकते दिवे लागतात, स्वच्छतागृहातही. जिथे लोक झोपतात तिथे कर्कश किनऱ्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला आवाज जास्त लोकांना जागं करतो.

आणि 'सगळं ठीक आहे' ही घोषणा खातरजमा झाल्याशिवाय कधीही नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तरेकडच्या मनोऱ्याला विमान धडकल्यावर दक्षिणेकडच्या मनोऱ्यातले लोक खाली उतरायला लागले होते. नऊच्या सुमारास तिथे घोषणा झाली की ही इमारत सुरक्षित आहे, कार्यालयात परत जाऊ शकता. काही जण परतलेही. ९ वाजून ३ मिनिटांनी त्या मनोऱ्यावर दुसरं विमान आदळलं.

उठण्यात माणसाचं काय जातं, तेही बघा

८ मे १९७९ रोजी मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचर विभागात आग लागली. त्याच मजल्यावर उपाहारगृह होतं. काही गिऱ्हाइकं समोरचं जेवण टाकून, बिल न देता उठायला तयार नव्हती. फोमच्या गाद्यांचा दाट धूर झपाट्याने पसरला आणि १० माणसं गेली.

हे वाचून 'जेवणापायी?' असं मनात येतं. पण रांगेत दोन तास उभं राहून आपला नंबर आलेला माणूस आठवा. उठला की नंबर गेला. परीक्षेला बसलेली मुलगी, रोकड उघडी टाकायची नाही असा सक्त हुकूम असलेला कॅशियर: प्रत्येकाला उठण्याची किंमत लगेच दिसते, बसण्याची दिसत नाही. ही किंमत आपण उतरवू शकतो. टोकन तसंच राहील, पेपरचा वेळ वाढवून मिळेल, रोकड तशीच टाकून गेल्याबद्दल कोणाला जाब विचारला जाणार नाही, हे आधी लेखी ठरवा आणि घोषणेत एका वाक्यात सांगा. आमच्याकडे 'तुमची जागा राखून ठेवली जाईल' एवढ्या शब्दांनी जो फरक पडला, तो भिंतीवरच्या दहा पाट्यांनी पडला नव्हता.

बसण्याची किंमत मात्र खरी आहे. आगीचे हिशेब करणारे अभियंते 'जलद' गटातली आग १५० सेकंदांत सुमारे १ मेगावॉटवर पोचते असं धरतात, म्हणजे एक किलोवॉटचे हजार हीटर एका ठिकाणी. वाढ सरळ रेषेत नसते, काळाच्या वर्गाने होते. आमच्या वाचनकक्षातल्या एक मिनिट पन्नास सेकंदांत अशी आग अर्ध्या मेगावॉटच्या वर गेली असती, आणि पुढचा अर्धा मेगावॉट चाळीस सेकंदांत.

दाराचं थोडक्यात. माणूस आला त्याच दाराने परत जातो. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी 'द स्टेशन' या नाइटक्लबच्या आगीत १०० माणसं गेली; दुसरी दारं असूनही बहुतेक लोंढा पुढच्याच दाराकडे गेला होता. फायर एक्झिटचा जिना रोजच्या वापरात आणा, तिथे दिवा ठेवा, खोकी हटवा.

ड्रिल आणि त्यानंतरची पाच मिनिटं

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता मॉक ड्रिल होत असेल, तर तुम्ही लोकांना 'सोमवारी अकराला वाजला की खोटा' एवढंच शिकवता आहात. यंत्रणेची चाचणी ठरल्या वेळी, आधी सांगून, काही सेकंदांची ठेवा. बाहेर पडण्याचं ड्रिल वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी घ्या, आणि कधीतरी एक जिना मुद्दाम बंद करून घ्या.

खोटा अलार्म झालाच तर पाच मिनिटांच्या आत कारण सांगा. "किटलीच्या वाफेने डिटेक्टर वाजला. आज तो बदलतो आहोत. जे बाहेर पडले त्यांनी बरोबर केलं." हे शेवटचं वाक्य गाळू नका, जो उठला त्याला वेड्यात काढल्यासारखं वाटलं की तो पुन्हा उठत नाही. लॉगबुकात कारणाशेजारी एक रकाना वाढवा: हूटर सुरू झाल्यापासून पहिला माणूस दाराकडे चालू लागेपर्यंत किती सेकंद गेले. कॅमेऱ्याच्या चित्रणावरून हे सहज मोजता येतं. सगळी इमारत किती वेळात रिकामी झाली, यापेक्षा मला हा आकडा जास्त सांगतो. आमच्या वाचनकक्षात तो पहिल्या वेळी नोंदवताच आला नव्हता, कारण कोणी चाललंच नव्हतं. चार महिन्यांनी, पुन्हा एका खोट्या अलार्मला, तो १४ सेकंद आला.

हेडफोन लावून बसणाऱ्यांचं कोडं अजून सुटायचं आहे. मेजांच्या वर चमकते दिवे बसवले, पण मान खाली असली की तेही दिसत नाहीत. सध्या वॉर्डन, म्हणजे मजल्यावरच्या त्या दोन ठरलेल्या माणसांपैकी एक, रांगेतून जाताना प्रत्येक मेजावर तळहाताने दोनदा थाप मारत जातो.